प्रयोगशाळांच्या इमारती: सरकारी सेवा की खासगी सल्लागार कंपनी?

वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी आणि वास्तुकला परिषदेची नोंदणी हाती आल्यावर ज्यांना प्रयोगशाळांच्या इमारतींचेच काम करायचे आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय यांसारखी सरकारी सेवा, नाहीतर औषध आणि जैवतंत्रज्ञान उद्योगाची कामे घेणारी खासगी सल्लागार कंपनी.

सरकारी सेवेत पगार आणि स्थैर्य निश्चित असते, पण जागा थोड्या निघतात आणि जाहिरातीची वाट पाहावी लागते. शिवाय नेमणूक प्रयोगशाळेच्याच कामावर होईल याची खात्री नसते. कर्मचारी वसाहतीची घरेही त्याच टेबलावर येतात. मात्र अनेकदा इमारतीची देखभाल त्याच विभागाकडे राहते, त्यामुळे शास्त्रज्ञांनी दहा वर्षांत कोणत्या भिंती पाडल्या हे डोळ्यांनी पाहता येते. हे शिक्षण मला फार मोलाचे वाटते.

खासगी कंपनीत पहिल्याच वर्षी हवेचा हिशेब शिकावा लागतो. फ्यूम हूडच्या, म्हणजे रसायनांच्या घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर ठेवतात. ती हवा सहसा पुन्हा खोलीत घेता येत नाही, म्हणून जितकी छतावरून बाहेर टाकायची तितकीच थंड केलेली ताजी हवा आत आणावी लागते. साहजिकच हवा वाहून नेणारे डक्ट मोठे होतात, कार्यालयाला पुरणारी मजल्याची उंची इथे अपुरी पडते आणि दर्शनी भागाचा विचार करण्याआधी हे डक्ट वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची, म्हणजे शाफ्टची, जागा ठरवावी लागते. औषधनिर्मितीत तर निर्जंतुक खोलीत हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा जास्त आणि भुकटी हाताळण्याच्या खोलीत बहुधा कमी ठेवतात, त्यांच्यामध्ये दोन दारांच्या छोट्या खोल्या, म्हणजे एअरलॉक, येतात आणि आराखडा बराचसा प्रक्रिया व शेड्यूल एमचे, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे सरकारी, नियमच ठरवतात. कल्पकतेला वाव कमी आणि मुदतींचा ताण जास्त, हे मान्य करूनच तिथे जावे.

पुण्यातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचली. अशा कामाची ओढ असेल तर स्वतंत्र वास्तुविशारदाचे कार्यालय ही तिसरी वाट आहे, पण तिथे प्रयोगशाळा क्वचितच येते.

माझ्या मते पहिली चार-पाच वर्षे खासगी कंपनीत काढावीत आणि सरकारी जाहिरातींतील वयोमर्यादेवर लक्ष ठेवावे. मुलाखतीत एवढे मात्र आवर्जून विचारावे, की वातानुकूलन अभियंत्यांच्या बैठकांना आपल्याला बसवतील का आणि हवेच्या दाबाची अंतिम चाचणी होईपर्यंत साइटवर पाठवतील का.