कोल्हापुरात राजारामपुरीतला इंग्रजी रायटिंगचा क्लास, आमचा अनुभव

पोरगी बीएस्सी सेकंड इयरला, बारावीपर्यंत मराठी मिडियम, त्यामुळं इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की रडकुंडीला यायची. आधीच्या क्लासात नुसते निबंध पाठ करून घेत होते, सहा महिने फुकट गेले. मग राजारामपुरीतला हा क्लास लावला आणि खरंच लई फरक पडला बघा. इथल्या मॅडम आधी मराठी वाक्य फळ्यावर लिहितात, मग दाखवतात की आपलं क्रियापद शेवटाला येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं, आणि इंग्रजीतले 'अ', 'द' (a, the) आपल्याकडं नसतातच म्हणून पोरं ते सारखी विसरतात. चूक का होते हे कळलं की पोरांची भीतीच जाते! पहिलाच विषय होता रंकाळ्यावरची संध्याकाळ, एकच पॅरेग्राफ, तो तिनं चार वेळा लिहिला. दर वेळी मॅडम दोनच चुका दाखवायच्या, सगळी वही लाल करत नाहीत, हे मला फार आवडलं. बॅचमध्ये पोरं तीसच्या वर आहेत, तेवढी कमी करा, वही तपासून मिळायला आठवडा लागतोय. पार्किंगचा त्रास आहेच. परवा तिनं कॉलेजला रजेचा अर्ज स्वतः लिहिला, मला दाखवलापण नाही.