गोवा १९६१: वाटाघाटी की लष्कर?

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी भाची विचारतेय, कोणती बाजू घेऊ?

वेळ: स्वातंत्र्यानंतर वाटाघाटींना १४ वर्षं मिळाली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोव्याला आपलाच प्रांत म्हणत राहिला. लष्कराचं काम १९ डिसेंबरला, दोनेक दिवसांत संपलं.

जीव: निःशस्त्र मार्गात रक्त सांडलं नाही असं समजू नकोस. १९५५ मध्ये पुण्यातून सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या. समाजवादी नेते ना. ग. गोऱ्यांना मारहाण आणि तुरुंगवास सोसावा लागला. १५ ऑगस्टच्या गोळीबारात वीसेक सत्याग्रही गेले. लष्करी कारवाईत भारताचे २२ जवान गेले, पोर्तुगालचे तीसेक.

कायदा: इथे लष्कराची बाजू लंगडी. संयुक्त राष्ट्रांची सनद बळाचा वापर नाकारते. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकारानेच भारत वाचला. गोवेकरांचं मतदानही घेतलं नव्हतं.

नियमांवर बोलायचं असेल, तर वाटाघाटींची बाजू घे. सालाझारच्या तुरुंगातल्या माणसांसाठी बोलायचं असेल, तर लष्कराची. मी लष्कराचीच घेईन.