वेंडलांडच्या गोल गावात चार रात्री (आई-बाबांना घेऊन)

रेटिंग आधीच देतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार जिन्यासाठी कापलाय, त्याचं खाली लिहितो.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही आई-बाबांना घेऊन चार रात्री उत्तर जर्मनीतल्या वेंडलांडला राहिलो. जिल्ह्याचं सरकारी नाव ल्यूशो-डानेनबर्ग, नीडरझाक्सन राज्याचं पूर्वेचं टोक, हॅम्बुर्गहून गाडीने साधारण दोन तास. क्षेत्रफळ सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि माणसं पन्नास हजारसुद्धा नाहीत, जर्मनीतल्या ग्रामीण जिल्ह्यांत सगळ्यात कमी लोकसंख्या इथलीच. जिल्ह्यात ऑटोबान (एक्सप्रेसवे) नाही. ल्यूनेबुर्गहून डानेनबर्गपर्यंत एक छोटी रेल्वे लाइन येते, पण पुढे बसच्या भरवशावर राहिलात तर शनिवार-रविवार अडकलात म्हणून समजा. त्यामुळे गाडी घेऊनच जा.

आमचं अपार्टमेंट ल्यूशोजवळच्या एका रुंडलिंगमध्ये होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मोजून पंधरा घरं आहेत, मालकीणबाईंचा पत्ता लगेच कळेल. रुंडलिंग म्हणजे गोल गाव. मधे मोकळं मैदान, त्यात ओक नाहीतर लिंडनची झाडं, भोवती घरं, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे आणि आत यायला मूळचा एकच रस्ता. घरामागची वाडी मागे रुंद होत जाते, केकचा तुकडा असतो तशी. ही गावं बाराव्या शतकापासूनची, वेंड म्हणजे स्लाव लोकांची. म्हणून तर गावांच्या नावांना शेवटी 'इत्झ' आणि 'ओ' लागतं, आणि ल्यूशोच्या स्पेलिंगमधला शेवटचा डब्ल्यू कुणी उच्चारत नाही. त्यांची भाषा अठराव्या शतकात संपली. झ्यूटेन गावचा योहान पारूम शुल्ट्झे नावाचा शेतकरी होता, खानावळही चालवायचा, त्याने १७२५च्या सुमाराला लिहून ठेवलंय की मी आणि गावातले आणखी तिघं गेलो की कुत्र्याला वेंडिशमध्ये काय म्हणतात हे इथं कुणाला सांगता येणार नाही. हे आईला मराठीत सांगताना मला खरंच भरून आलं.

आता घर. चौकटीला ओकचे वासे, मधे लाल विटा, आणि मैदानाच्या बाजूला गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढा मोठा दरवाजा. दरवाज्यावरच्या आडव्या तुळईवर नवरा-बायको दोघांचीही नावं, साल आणि बायबलमधली एक ओळ कोरलेली. अक्षरांत पांढरा रंग भरलाय, जवळ जाऊन बघितलं तर काही ठिकाणी छिन्नी घसरल्याच्या खुणा दिसतात. पूर्वी आत दोन्ही बाजूंना गुरं, मधे मळणीची जागा, मागे माणसं आणि वर गवत, सगळं एका छपराखाली. बाबा म्हणाले, आपल्याकडे पण गोठा घरातच असायचा की. आता तिथे किचन आणि मोठं टेबल आहे, सहा माणसं आरामात बसतात, गॅस नाही इंडक्शन आहे म्हणून आमचा तवा चालला नाही पण कुकर चालला. भांडी भरपूर, चाकू धारदार (हे किती अपार्टमेंटमध्ये मिळतं सांगा), गाद्या चांगल्या, स्वच्छता एकदम चोख.

कमी काय तर जिना. वरच्या दोन बेडरूमना जाणारा जिना शिडीसारखा उभा, कठडा एकाच बाजूला, आणि लिस्टिंगमध्ये याबद्दल एक शब्द नव्हता. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शेवटी आम्ही खाली सोफाबेडवर त्यांची सोय केली. सांगितल्यावर मालकीणबाईंनी लगेच जास्तीची गादी आणून दिली, पण आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. दुकान सात किलोमीटरवर, रविवारी बंद, तेव्हा शनिवारी दुपारीच दूध-भाजी भरून ठेवा. मोबाइलला रेंज मैदानाच्या एका टोकाला येते, वायफाय ठीक आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मालकीणबाईंबरोबरची संध्याकाळ. अंगणात गोठ्याच्या भिंतीला एक पिवळा लाकडी एक्स टांगलाय, त्याबद्दल विचारलं तर दोन तास कसे गेले कळलं नाही. जर्मनीची फाळणी झाल्यावर हा जिल्हा तीन बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढला गेला. एल्बे नदीवरचा ड्योमिट्झचा पूल युद्धात १९४५ला उडाला तो रस्त्यासाठी १९९२मध्येच परत बांधला, म्हणजे समोर दिसणाऱ्या गावाला जायला सत्तेचाळीस वर्षं पूल नव्हता. जुन्या रेल्वे पुलाच्या कमानी अजून आहेत, नक्की बघा, त्या नदीच्या काठापर्यंत येतात आणि तिथेच संपतात. हद्दीमुळे कारखाने फारसे आले नाहीत, तरुण मुलं निघून गेली, आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाही नव्हता म्हणून ही गावं अशी गोलच्या गोल टिकली. मग हॅम्बुर्ग आणि पश्चिम बर्लिनच्या लोकांनी पडकी घरं स्वस्तात घेऊन दुरुस्त केली, आमच्या मालकीणबाई त्यांच्यातल्याच एक.

आणि याच रिकाम्या कोपऱ्यात, २२ फेब्रुवारी १९७७ला मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्ट यांनी गोर्लेबनच्या जमिनीखालच्या मिठात देशाचा अणुकचरा ठेवायचं जाहीर केलं. १९७९च्या मार्चमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हॅनोव्हरला निघाले, ते वाटेत असतानाच अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, आणि शेवटच्या दिवशी हॅनोव्हरमध्ये लाखभर माणूस जमला. १९८०च्या मेमध्ये मीठ तपासायच्या बोअरिंगच्या जागेवर लोकांनी झोपड्यांचं गाव वसवलं, स्वतःचे पासपोर्ट काढले, ४ जूनला पोलिसांनी ते उठवलं. पुढे २०११पर्यंत कचऱ्याचे कंटेनर रेल्वेने डानेनबर्गला यायचे, तिथून ट्रकवर, आणि दर वेळी रस्त्यावर माणसं नि ट्रॅक्टर आडवे. २०२०मध्ये गोर्लेबन कायमच्या साठ्याच्या यादीतून बाहेर पडलं, पण ११३ कंटेनर अजून तिथल्या गोदामात आहेत. म्हणून हा विरोधाची खूण असलेला एक्स काढला नाही, असं मालकीणबाई म्हणाल्या.

बाबांना मात्र शेतं बघायची होती. ते सातगाव पठारचे, आयुष्य बटाट्यात गेलं. इथली जमीन बरीचशी रेताड, पाण्याची मोठी नळी शेतात फिरताना दिसते, आणि सप्टेंबरात बटाट्याची काढणी चालू. ल्यूशोत स्टार्चचा कारखाना आहे, हंगामात तिकडे बटाट्याने भरलेल्या गाड्यांची रांग. एका शेताच्या कडेला बाबांनी मूठभर माती उचलून बोटांनी चोळली, खिशातल्या रुमालाला हात पुसले आणि म्हणाले पाणी धरणार नाही ही, पण बटाटा गोल येणार. एल्बेच्या बाजूला पेव्हेस्टॉर्फला फोएल्केल हा सेंद्रिय ज्यूसचा मोठा कारखाना आहे, १९३६पासूनचा, त्यांच्या बाटल्या जर्मनीतल्या सुपरमार्केटमध्येही मिळतात.

एक दिवस सातेमिनला द्या. ते गाव १८५०मध्ये जळालं आणि लगेच परत बांधलं, त्यामुळे घरं एकसारखी. ल्यूबेल्नचं रुंडलिंग म्युझियम आईला आवडलं, विशेष करून जवसापासून कापड होईपर्यंतचं सगळं, कारण एके काळी इथला पैसा लिननचाच. एल्बेकाठचं हिट्झाकर गाव घाईत झालं, तिथे अर्धा दिवस तरी ठेवा.

असेन्शन ते पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचे ख्रिस्ती सण) या बारा दिवसांत जाणार असाल तर कुल्टुरेले लांडपार्टी असते, गावोगावी अंगणं उघडी, चित्रं, मातीची भांडी, गाणं. तेव्हाचं बुकिंग खूप आधी करा. आणि कुठलंही घर घ्या, होस्टला आधी मेसेज करून जिन्याचा फोटो मागवा.