बांबेर्गचे श्लेंकर्ला : धुरात मुरलेली चव

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडील ओबरफ्रांकन या प्रशासकीय विभागाचे मुख्यालय बायरॉइट येथे असले, तरी त्या प्रदेशाची चव ज्याला जाणून घ्यायची आहे, त्याने आधी बांबेर्गच्या जुन्या शहरात, कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या श्लेंकर्ला या मद्यगृहात जाऊन बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या घराचा उल्लेख 1405 सालापासून सापडतो. येथील राउखबिअरसाठी, म्हणजे धुराच्या चवीच्या बिअरसाठी, मोड आणलेले जव बीच या झाडाच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात आणि तो धूर दाण्यांत इतका मुरतो, की लाकडी पिंपातून काढलेल्या त्या गडद तपकिरी बिअरचा पहिला घोट धुरी दिलेल्या मांसाची आठवण करून देतो. दुसऱ्या पेल्यापर्यंत धीर धरावा. खरी चव तेव्हाच उलगडते. सोबत खिमा भरलेला कांदा अवश्य मागवावा. त्यामागे शहराच्या आतच भाजीचे मळे राखणाऱ्या माळ्यांची शतकांची परंपरा आहे आणि 1993 साली युनेस्कोने बांबेर्गला दिलेल्या जागतिक वारशाच्या दर्जात त्या मळ्यांचाही समावेश आहे. जेवणानंतर थोडे चालत रेग्निट्झ नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या नगरभवनापर्यंत जावे.