६० एचआरसीच्या जॉबवर सीबीएन इन्सर्ट: पैसे वसूल होतात का?

भोसरीत आमचं छोटं सीएनसी शॉप आहे. ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) चे रिंग आणि बुश हार्डनिंग होऊन येतात, ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल, कडकपणाचं माप), आणि फिनिशिंगला सगळं बाहेर ग्राइंडिंगला जायचं. तिकडे कायम रांग, वर टेम्पोचं भाडं, म्हणून हार्ड टर्निंग, म्हणजे कडक झालेला जॉब ग्राइंडिंगऐवजी लेथवरच फिनिश करणं, घरातच करायचं ठरवलं आणि सीएनजीए १२०४०८ साइजचा दोन कॉर्नरवाला सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड, डायमंडच्या खालोखाल कडक) इन्सर्ट, म्हणजे टूलला लावायचा बदलता कटिंग तुकडा, घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली डीलरबद्दल जरा बोलणारे. ग्रेड सांगतो, लो सीबीएन, म्हणजे निम्म्याच्या वर सीबीएन आणि बाकी दाणे धरून ठेवणारा टायटॅनियम नायट्राइडवाला सिरॅमिक बाइंडर.

जास्त टक्के सीबीएन म्हणजे जास्त भारी माल असं बऱ्याच जणांना वाटतं. कडक स्टीलच्या सलग फिनिश कटला मात्र लो ग्रेडच चांगला चालतो, कारण तो उष्णता कमी ओढून घेतो, ती कटच्या जागीच राहते आणि मटेरियल तेवढ्यापुरतं नरम पडतं, शिवाय सिरॅमिक बाइंडरला गरम लोखंड रासायनिक दृष्ट्या लवकर खात नाही. ९० टक्केवाला कास्ट आयर्नला ठेवा. आणि डायमंड का नाही असं कोणी विचारलं तर, डायमंड म्हणजे कार्बन, तापलेलं लोखंड तो कार्बन खाऊन टाकतं, कडकपणाचा काही उपयोग होत नाही. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फने सीबीएन बनवला त्याचं मोल इथे कळतं.

आता चालवून बघितलं ते. स्पीड मिनिटाला १५० मीटर, फीड फेऱ्याला ०.०८ मिलिमीटर, कटची खोली ०.१५ मिलिमीटर, पूर्ण ड्राय, म्हणजे कूलंटशिवाय. चिप लालभडक निघते, दरवाजा बंद ठेवा आणि कन्व्हेयरजवळ ऑइलची चिंधी ठेवू नका. घाबरायचं कारण नाही, बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते, जॉब त्या मानाने गार राहतो. कूलंट मारायचा तर धो धो आणि सलग मारा, मधेच थेंब थेंब पडला तर कडेला तडे जातात.

चिप गार झाल्यावर भिंगाखाली धरा, सगळं कळतं. टूलवर घासून आलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, आणि दुसरी बाजू करवतीसारखी दातादातांची. माइल्ड स्टील टर्न करताना लांब गुंडाळ्या निघतात कारण ते मटेरियल वाहतं, ६० एचआरसी ला तेवढं वाहायला जमत नाही, त्यामुळे सगळं घसरणं एका बारीक पट्टीत गोळा होतं, एक तुकडा सरकतो, मग पुढचा दाबला जातो, मग तो सरकतो. हे असं का होतं यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं त्या पट्टीत इतकी उष्णता साठते की मटेरियल कडक व्हायच्या आत नरम पडतं आणि सटकतं. दुसरं, मिल्टन शॉ आणि व्यास या संशोधकांनी १९९३ साली मांडलेलं, की वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर आधी तडा पडतो आणि तो टूलच्या टोकाकडे उतरतो. मला शॉचं पटतं, कारण चिप बोटांत चुरली तर दातांच्या फटीतच तुटते. पण शॉपमध्ये कामाचं एवढंच, की दर दाताला कडेवरचा भार वरखाली होतो, सेकंदाला हजारो वेळा. धारदार कड त्याच्यापुढे टिकत नाही, म्हणून या इन्सर्टला ०.१ मिलिमीटर रुंद आणि २० अंशांचा चॅम्फर (कडेला तिरकी पट्टी) मारून वर होनिंग केलेलं, म्हणजे कड किंचित गोल केलेली असते. आपला कट इतका बारीक की सगळं काम त्या चॅम्फरवरच चालतं, रेक (चिप सरकते त्या बाजूचा कोन) चांगलाच निगेटिव्ह होतो, आणि जॉबला बाजूला ढकलणारा फोर्स कटिंग फोर्सपेक्षाही जास्त येतो. ओव्हरहँग जास्त असलेली, म्हणजे होल्डरबाहेर लांब निघालेली बोरिंग बार किंवा ढिली टेलस्टॉक असेल तर इन्सर्टला शिव्या देऊ नका.

फिनिश? ०.८ मिलिमीटर नोज रेडियसवर हिशोबाने एक मायक्रॉनच्या आतबाहेर आरझेड (पृष्ठभागाच्या खाचांची उंची) येतो, साधारण तेवढा येतोय, आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.३ मायक्रॉनच्या आसपास. कस्टमर खुश, ग्राइंडिंगचं बिल बंद.

तक्रार डीलरची. कीवे (चावीची खाच) असलेल्या बुशला चालेल का विचारलं तर 'साहेब, काहीही चालवा' म्हणाला. पहिल्याच खाचेला कॉर्नर उडाला. बॉक्सवर चॅम्फरचा कोड नाही, बिलावर नाही, कॅटलॉग मागितला तर व्हॉट्सॲपवर धूसर फोटो. एवढे पैसे घेऊन हे बरोबर नाही. तुटक कटला टफ ग्रेड आणि मोठा चॅम्फर लागतो, ऑर्डर देताना लिहूनच घ्या.

आणि एक, कॉर्नर शेवटपर्यंत पिळू नका. कड घासली की फिनिश दिसायला चकचकीतच राहतो पण वरचे काही मायक्रॉन जळतात, व्हाइट लेयर तयार होतो, त्यात ताण ओढीचा असतो आणि बेअरिंगच्या कामाला तो विष आहे. फिनिश मोजायच्या मीटरवर दिसत नाही, तुकडा कापून पॉलिश करून नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावला की मायक्रोस्कोपखाली पांढरी रेघ दिसते. आम्ही आता फ्लँक (कडेखालची, जॉबला घासणारी बाजू) घासल्याचं माप ठरवलंय, ते आलं की कॉर्नर बदलायचा, ऑपरेटरने कितीही 'अजून चालतोय ना राव' म्हटलं तरी.

किंमत कार्बाइडच्या कितीतरी पट. पण ५० एचआरसीच्या पुढे कार्बाइड फार टिकत नाही, त्यामुळे ती तुलनाच चुकीची. खरी तुलना काळ्या मिक्स्ड सिरॅमिकशी, तो स्वस्त आहे, सलग कट आणि लॉट छोटा असेल तर तोच घ्या. लॉट मोठा, टॉलरन्स टाइट, मशीन दणकट असेल तर सीबीएन. इन्सर्टला पाचपैकी साडेचार, डीलरला दोन.