वर्ध्याला बदली झाली, आता घर कुठं? पिपरी, नालवाडी, सावंगी की सेवाग्राम

वर्ध्याला बदली झाली म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "नागपुरात राहा अन् अपडाऊन कर." सडाफटिंग माणसाला तो चालून जातो. पण दोन लेकरं, सोबत म्हातारे आईवडील असा बाडबिस्तरा हलवायचा असेल तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, रोज, यात संसार होत नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि येळाकेळीला उतरून वर्धा गाठता येतं, हे खरं आहे. टोल आणि पेट्रोल महिन्याच्या पगारात बसवून बघा, मग बोलू.

शहरातल्या जुन्या वस्तीत चांगलं घर मिळालं तर जरूर घ्या. पण शोधायला लागलात की कळेल, नवी बांधकामं बहुतेक नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर गेली आहेत. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही नावाला गावं. दिसायला उपनगरं, कारभार मात्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचा ग्रामसेवक). नाली कोण काढणार, खांबावरचा दिवा कोण बदलणार, कचऱ्याची गाडी येणार की नाही, हे सगळं त्या त्या ग्रामपंचायतीच्या ऐपतीवर. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला नगरपरिषद आणि उजव्या बाजूला ग्रामपंचायत असंही होतं. घर बघताना पत्ता नेमका विचारून घ्या. सिंदी (मेघे) आणि सिंदी (रेल्वे) ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. दुसरं सेलू तालुक्यातलं नगरपरिषदेचं गाव आहे आणि नवख्या माणसाचं पार्सल तिकडे जाऊन पडतं.

मी इथं चारच जागा धरतो: आर्वी नाक्याकडची पिपरी, नागपूर रस्त्यावरची नालवाडी, यवतमाळ रस्त्यावरची सावंगी आणि शहरापासून सातआठ किलोमीटरवरचं सेवाग्राम. बाकीची गावं यांच्याच अल्याडपल्याड बसतात.

आधी पाणी, मग बाकी सगळं

पुण्या-नाशिकहून येणारी माणसं घर बघताना किचन ट्रॉली बघतात, टाइल्स बघतात. इथं जिना चढून गच्चीवर जा आणि टाकी बघा. किती लिटरची आहे, भाडेकरूची वेगळी आहे की मालकाच्याच टाकीतून नळ दिलाय, खाली संप (जमिनीतली टाकी) आहे का. मालक म्हणेल, "पाण्याचं टेन्शनच नाही जी, बोअर आहे ना." बोअर असतोच. प्रश्न मे महिन्यातल्या बोअरचा आहे. या भागात वर काळी माती आणि खाली काळा खडक; पाणी त्या खडकाच्या भेगांत साठतं. त्यामुळे एका प्लॉटवर दोन इंच धार आणि भिंतीपलीकडे नुसती धूळ, असं सर्रास होतं. शेजाऱ्याचा बोअर चांगला आहे हे तुमच्या उपयोगाचं नाही.

बोअरचं पाणी जड असतं ते वेगळंच. नळाच्या तोटीवर पांढरा खडू साचलेला दिसला की समजा, गिझरची कॉइल दरवर्षी बदलावी लागणार आणि डाळ शिजायला वेळ लागणार. प्यायला नळाचं पाणी हवंच.

"शहरात पाणी असतं, गावात नसतं" असं ऐकाल, तेही तितकंसं खरं नाही. वर्धा शहर धाम नदीवर जगतं. पिपरी आणि आसपासच्या गावांना जीवन प्राधिकरणाची प्रादेशिक योजना आहे, तिचीही भिस्त धामवरच. नदी एकच असल्यामुळे २०१९ च्या उन्हाळ्यात धाम प्रकल्प (नदीवरचं धरण) तळाला गेला तेव्हा शहरातले आणि गावातले सगळेच नळाचे दिवस मोजत बसले होते. फरक पडतो तो शेवटच्या पाइपात. पिपरीच्या जुन्या लेआउटमध्ये नळ नीट येतो. तिथूनच पुढे शेत कापून पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये पाइपच पोचलेला नसतो आणि टँकरवर भागवावं लागतं. म्हणून गावाचं नाव ऐकून ठरवू नका, गल्ली बघा. समोरच्या घरातल्या बाईला विचारा: नळ किती दिवसांआड, किती वाजता, आणि मोटर न लावता पहिल्या मजल्यावर चढतो का. मालकापेक्षा ती खरं सांगेल.

पाण्याला जोडूनच ऊन. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि एसी असला तरी घरात कूलर लागतोच. मोठा डेझर्ट कूलर दिवसरात्र चालला तर शंभरेक लिटर पाणी सहज पितो. म्हणजे चौघांच्या घरात पाचवा माणूस धरा. कूलर ठेवायला खिडकीबाहेर जागा, सज्जा किंवा लोखंडी स्टँड आहे का ते बघा. नसलं तर जाळी कापावी लागते आणि त्यावरून मालकाशी वाद होतो. वरचा मजला, उघडा स्लॅब आणि पश्चिमेला बेडरूम असं घर हजार रुपयांनी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. रात्री दोनलाही भिंत गरम लागते.

या कसोटीवर चौघांत पिपरीचा जुना भाग पुढं. नालवाडी जवळपास तिच्याच बरोबरीला. सावंगीत इमारतीगणिक उत्तर बदलतं, कारण एकेका इमारतीत विद्यार्थ्यांच्या खोल्याच खोल्या आणि टाकी तीच. सेवाग्रामात घरं सुटी, अंगण मोठं, कडुनिंबाची सावली. तिथं उन्हाळा जरा सुसह्य जातो, हे मी मोकळ्या मनानं कबूल करतो.

दवाखाना

या एका बाबतीत वर्ध्याइतकी चैन विदर्भात नागपूर सोडलं तर फार ठिकाणी नाही. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं मेडिकल कॉलेज आणि त्याचं कस्तुरबा रुग्णालय; सावंगीला जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहेच. शेजारच्या जिल्ह्यांतले पेशंट गाड्या करून इथं येतात.

घरात हृदयाचा, किडनीचा पेशंट असेल, महिन्यातून चारदा ओपीडी असेल, तर सरळ सेवाग्राम किंवा सावंगीत राहा. सकाळी नंबर लावून घरी येऊन चहा पिऊन परत जाता येतं, ही सोय किरायात मोजता येत नाही. दोघांत निवडायचं तर म्हाताऱ्यांसाठी मी सेवाग्राम म्हणेन. सावंगीत होस्टेल, मेस, झेरॉक्स, रात्री बारापर्यंत टपऱ्यांवर गर्दी. पोरांचं वय तसंच असतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण रात्री नऊला झोपणाऱ्या माणसाचे हाल होतात. शिवाय तिथं किराया खोलीवर ठरतो. तीन विद्यार्थ्यांकडून मिळतं तेवढं एका कुटुंबानं द्यावं, अशी मालकाची अपेक्षा असते.

शाळा

कॉन्व्हेंटच्या बस चारही ठिकाणी येतात. तो प्रश्न मोठा नाही, फक्त सेवाग्रामाहून पोराचा बसमधला वेळ वाढतो. मराठी माध्यम मनापासून हवं असेल तर सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकण्याच्या विचारानं चालणारं आनंद निकेतन विद्यालय आहे. शेती, स्वयंपाक, सूतकताई हे तिथं अभ्यासातच धरलेलं आहे. आधी जाऊन वर्ग बघा. ज्यांना ते रुचतं त्यांना फार रुचतं. "पोरगं शाळेत जाऊन भाजी चिरतं" म्हणून कपाळाला हात लावणारे आईबापही असतात.

पोरगा किंवा पोरगी तिसरी-चौथीत असेल तर आणखी एक हिशेब. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय सेलूकाटेला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ज्यांनी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत काढली त्यांच्या. ग्रामपंचायतीत राहतो म्हणजे आपण ग्रामीण, असं मात्र धरू नका. जनगणनेत शहरी मोजलेलं गाव तिथं शहरीच. शहराला चिकटलेल्या गावात प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना हे आधी विचारा. बदली जूनऐवजी डिसेंबरात झाली तर पाचवीचं वर्ष कुठं पुरं करायचं, तेही आताच ठरवा.

येणं-जाणं, बाजार

मुंबई-पुण्याच्या गाड्या वर्धा जंक्शनवर, चेन्नई-हैदराबादकडच्या सेवाग्राम स्टेशनवर. सेवाग्राम स्टेशन म्हणजे सेवाग्राम गाव नव्हे, गाव तिथून पुढं आहे. सासर-माहेर नागपुरात असेल, दर शनिवारी निघायचं असेल, तर नालवाडी. बस नागपूर रस्त्यानंच जाते, शहर ओलांडायची गरज नाही. नोकरी देवळी-कळंबच्या दिशेला असेल तर सावंगी. वर्धा ते कळंब रेल्वेही फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आहे, पण तिच्या वेळा तुमच्या ऑफिसशी जुळतात का ते बघूनच तिच्यावर विसंबा.

बाजारासाठी पिपरी आणि नालवाडीतून शहर पाच-दहा मिनिटांत. सेवाग्रामला रोजचं दूध, भाजी, किराणा मिळतं. कपडे, भांडी, लेकराचा बूट यासाठी वर्धा. ऑटो मिळतात, मात्र अंधार पडल्यावर थांबावं लागतं. घरात एकच गाडी असेल आणि ती सकाळी ऑफिसला जाणार असेल, तर मागे राहणाऱ्या बाईला सेवाग्राम महिन्याभरात जड होतं. घर निवडताना नोकरीवाल्याचं अंतर सगळे मोजतात. दिवसभर घरात कोण असणार आणि त्याला काय लागणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते ठरवायचं ते त्यावर.

जाता जाता: जिल्ह्यात दारूबंदी आहे. सामानाच्या ट्रकात शोकेसमधल्या बाटल्या घालून आणू नका.

मग कुणी कुठं?

दोघं नोकरीला आणि पोरं शाळेत: पिपरीचा जुना लेआउट, तळमजला. आईवडील आजारी: सेवाग्राम, पण दुसरी गाडी घ्या. नागपूरशी नातं तुटत नसेल: नालवाडी. सावंगी मी हॉस्पिटलात, कॉलेजात किंवा देवळी-कळंबकडे नोकरी असणाऱ्यांनाच सुचवेन. पवनारचा मोह अनेकांना होतो. धामचा काठ, विनोबांचा परमधाम आश्रम, सगळं सुंदर आहे. पण लहान लेकरं घेऊन नव्या मुलखात पहिल्याच वर्षी तिथं जाऊ नका.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट आहे. पिपरीत राहिलात म्हणजे देवळी तालुक्यातल्या शाळेचं मुख्यालय झालं नाही. घरभाडे भत्त्याचं काय, ते रुजू व्हायच्या आधी विचारा.

घर घेताना अकरा महिन्यांचा करार लेखी करा. विजेचं मीटर वेगळं आहे का ते बघा, कारण कूलर-एसीच्या दोन महिन्यांत सबमीटरच्या दरावरून भांडणं होतात. प्लॉट घ्यायची घाई पहिल्या वर्षी नको. घ्यायचाच झाला तर सातबारा, जमीन अकृषक असल्याचा कागद आणि लेआउटची मंजुरी हे तिन्ही कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा कागद म्हणून पुढं करणाऱ्या दलालापासून लांब राहा. प्लॉट एकदा ऑगस्टमध्येही बघून या. काळ्या मातीतला कच्चा रस्ता तेव्हा कळतो, आणि शेजारच्या नव्या घरांच्या भिंतींना तडे गेलेत का तेही दिसतं.