डक्टेबल एसीला नवा थर्मोस्टॅट : आठ महिने वापरल्यावर

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळचं रो-हाउस आम्ही घेतलं तेव्हा तळमजल्यावर आधीच्या मालकांचं क्लिनिक होतं. ते गेले, पण पीओपीच्या वर बसवलेला डक्टेबल एसी (छतातल्या डक्टमधून हवा देणारा) काढून नेणं त्यांना परवडणारं नव्हतं. तो आमच्या पदरात पडला. थंड आणि गरम दोन्ही करणारा, म्हणजे हीट पंप. त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणारा डबा, भिंतीवर, गोल चकतीचा, आकडे केव्हाच पुसून गेलेले. आईची पद्धत साधी होती : रेडिओसारखं फिरवायचं, वरून टक् आवाज आला की हात काढायचा. त्यामुळे मे महिन्यात घर कधी फ्रिज व्हायचं, कधी नुसताच पंखा.

मागच्या वर्षी मेव्हणा टेक्ससहून आला तो एक देखणा थर्मोस्टॅट घेऊन. काचेचा, हात जवळ नेला की उजळणारा. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, रोज पॅनेल उघडतो, त्यामुळे पाठीमागची पट्टी आधी वाचली. २४ व्होल्ट. तिकडच्या घरांत यंत्रातल्या ट्रान्सफॉर्मरवरून २४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय भिंतीपर्यंत येतो आणि थर्मोस्टॅट त्यावरच चालतो. आमच्या चकतीत सरळ २३० व्होल्टची फेज आलेली. जोडला असता तर मेव्हण्याची भेट पहिल्याच सेकंदाला धूर झाली असती. मधे ट्रान्सफॉर्मर आणि दोन-तीन रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) टाकून चालवता आलं असतं, कागदावर आकृतीही काढली होती. ही म्हणाली, "अहो, घर आहे हे, तुमची कंपनी नाही." भेट शोकेसमध्ये गेली.

मग एम. जी. रोडवरून २३० व्होल्टचा, हीट पंपला चालणारा, प्रोग्रॅम करता येणारा साधा डिजिटल थर्मोस्टॅट आणला. ३,८०० रुपये. वाय-फायचा होता, पण तो जवळपास दुप्पट. मोबाइलवर आणखी एक ॲप नको म्हणून सोडला. तो निर्णय चुकला, ते पुढे सांगतो.

बसवायला मुहूर्त मिळाला दसऱ्याचा. १२ ऑक्टोबर, शनिवार, माझी साप्ताहिक सुट्टी. खंडेनवमीला हळदकुंकू लावलेले टेस्टर आणि पक्कड घेऊन बसलो. एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली, चकती उघडली आणि आत पाच वायरी. चार लाल, एक काळी. ज्यानं कुणी वायरिंग केलं त्याच्याकडे त्या दिवशी लाल रंगाचं बंडल शिल्लक असणार. रंगावर भरवसा ठेवायचा नाही हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. मल्टिमीटरनं एकेक वायर शेवटच्या टोकापर्यंत शोधली, प्रत्येकीवर फेरूल (खुणेची नळी) चढवलं, फोटो काढला. फेज, न्यूट्रल, ब्लोअर (आतला पंखा), कॉम्प्रेसरचा काँटॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) आणि फोर-वे व्हॉल्व्ह.

यातली एक गोष्ट घरगुती इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेणाऱ्यांनी नक्की विचारावी. या थर्मोस्टॅटच्या आतला रिले जेमतेम ३ अँपिअरचा आहे. त्यानं फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढायची, कॉम्प्रेसरचा भार काँटॅक्टरनं घ्यायचा. कुणी कॉम्प्रेसरची लाइनच थर्मोस्टॅटमधून फिरवली, तर रिले चिकटेल. मग पडद्यावर 'बंद' दिसेल आणि कॉम्प्रेसर रात्रभर चालू राहील.

खरा वेळ गेला तो खोक्यात. हे थर्मोस्टॅट ८६ मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्ससाठी बनतात, स्क्रूमधलं अंतर ६० मिलिमीटर. आपल्या भिंतीत पुरलेले मॉड्युलर बॉक्स त्या मापाचे नसतात. भिंत फोडायला घरातून परवानगी मिळणार नव्हती. शेवटी पीव्हीसीच्या पट्टीचा अडॅप्टर कापला, त्याला चार भोकं पाडली, दोन जुन्या बॉक्ससाठी आणि दोन नव्या डब्यासाठी. कडेनं अजूनही दोन मिलिमीटर पट्टी दिसते. पाहुण्यांना दिसत नाही, मला दिसते.

दुपारी दीड वाजता एमसीबी उचलला. खोली २९, सेटिंग २५, मोड थंड. टिक् झालं, तीन मिनिटांनी वरचं युनिट सुरू झालं, सगळे सोफ्यावर रांगेत बसले. पंधरा मिनिटांनी खोली ३०.५. छतातल्या ग्रिलमधून इस्त्रीच्या दुकानासारखी हवा येत होती. आधी एसी बघणाऱ्या मेकॅनिकला फोन लावला. त्यानं न बघताच सांगितलं, "साहेब, गॅस कमी झालाय, भरावा लागेल." गॅस कमी असेल तर हवा कोमट येईल, गरम कशी येईल? गच्चीवर गेलो, आउटडोअर युनिटच्या पंख्यासमोर हात धरला. भर ऑक्टोबर हीटमध्ये तिथून गार वारा येत होता. आम्ही नाशिकची गच्ची थंड करत होतो.

कारण फोर-वे व्हॉल्व्ह. हीट पंपात हा व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो. काही यंत्रांत तो थंड करताना करंट घेतो, त्याला 'ओ' म्हणतात. काहींत गरम करताना, ते 'बी'. माझं यंत्र 'बी', थर्मोस्टॅट कारखान्यातून 'ओ' वर आलेला. इन्स्टॉलरच्या मेनूत एक अक्षर बदललं आणि वीस मिनिटांत खोली २६ वर आली. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला मॅन्युअलचं तिसरं पान वाचायला दसऱ्याची दुपार लागली. गॅसचे पैसे तेवढे वाचले.

दुसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार. पडद्यावर २९.५, शेजारी टांगलेल्या साध्या थर्मामीटरवर २७. बोटानं चाचपलं तर डब्याच्या मागून गरम हवेची झुळूक येत होती. वायरी ज्या पाइपातून येतात तो स्लॅबमधून गच्चीवर जातो. गच्ची तापली की ती हवा पाइपातून खाली उतरून थेट सेन्सरच्या पाठीवर. पाइपाचं तोंड एम-सीलनं बुजवलं, फरक दोन अंशांनी कमी झाला. उरलेला अर्धा अंश मेनूतून वजा केला. तुमचा थर्मोस्टॅट खोटं बोलतोय असं वाटलं, तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी त्याच्या मागे बोट घालून बघा.

जागेचं बोलायचं तर आतली भिंत, जमिनीपासून पाचेक फूट, ऊन नाही, स्वयंपाकघराची वाफ नाही, ग्रिलचा झोत नाही. आमची जागा या सगळ्यात पास होती. फक्त खाली देवघर आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईनं समई लावली, वर थर्मोस्टॅटला वाटलं घर २४ झालं आणि त्यानं हीटिंग बंद केलं. सगळे शाल पांघरून आरती करतायत आणि पडद्यावर २४. समई हातभर सरकवायची विनंती केली. आई म्हणाली, "देव सरकवू का तुझ्या डबड्यासाठी?" देव जागेवर आहेत. समई पेटलेली असेल तेवढा तास आकडा खोटा आहे असं आम्ही धरून चालतो.

आता प्रोग्रॅमिंग. डब्यावर लिहिलंय 'पाच अधिक दोन'. म्हणजे सोमवार ते शुक्रवार एक वेळापत्रक, शनिवार-रविवार दुसरं, दिवसाचे सहा टप्पे. ज्यानं हे आखलं त्याच्या डोक्यात नऊ ते पाच नोकरी करणारं घर होतं. माझी फर्स्ट, सेकंड, नाइट शिफ्ट दर आठवड्याला फिरते, सुट्टी फक्त शनिवारी. नाइटच्या आठवड्यात मी सकाळी आठ ते दोन झोपतो. नेमक्या त्याच वेळेला थर्मोस्टॅट समजतो की घरात कुणी नाही. एप्रिलमध्ये दुपारी बाराला घामाघूम होऊन उठलो तेव्हा कळलं की आपण स्वतःलाच गैरहजर मांडलंय. शिफ्टवाल्यांनी सातही दिवस वेगळे लावता येतात असाच घ्यावा, आणि शक्य असेल तर वाय-फायचा. कंपनीतून निघताना फोनवरून बदलता आलं असतं, हे दर आठवड्याला वाटतं.

नाशिकची हवाही कुठल्या तयार प्रोग्रॅममध्ये बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली. पलीकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि दुपारी आपण अर्ध्या बाहीचा शर्ट घालून फिरतो. मी हौसेनं 'ऑटो' मोड ठेवला होता : २१ च्या खाली गरम, २५ च्या वर थंड. जानेवारीतल्या एका दिवशी त्यानं सकाळी सात ते नऊ घर तापवलं आणि दुपारी तीनला तेच घर थंड करायला घेतलं. त्या दुपारी एक खिडकी उघडली असती तर फुकटात काम झालं असतं. तेव्हापासून ऑटो बंद. देवदिवाळी ते होळी फक्त गरम, होळी ते पाऊस फक्त थंड, मधल्या काळात बंद. होळी पेटली की थंडी पळते, हे या डब्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे.

हिवाळ्याचा अनुभव निम्मा चांगला. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत ओढतो. त्यामुळे एक युनिट विजेत कॉइलच्या हीटरच्या साधारण तिप्पट ऊब मिळते आणि आपल्याकडच्या थंडीत त्याला फारसा त्रास होत नाही. पण आमचे ग्रिल छतात. गरम हवा वरच राहते, पाच फुटांवर २२ दिसतात आणि जमिनीवर गहू निवडत बसलेल्या आईचे पाय गार. यात थर्मोस्टॅटचा दोष नाही, क्लिनिकमध्ये जमिनीवर कुणी बसत नव्हतं. छताचा पंखा एकवर ठेवून जरा फरक पडला. एसीच्या पंख्याचं सेटिंग मात्र 'ऑटो' लाच हवं. 'ऑन' ठेवलं तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही ब्लोअर चालू राहतो आणि डोक्यावर गार झोत येतो. आईनं ती रात्र अजून विसरलेली नाही.

उन्हाळ्यात हा डबा खरा उपयोगी पडला. कारखान्यातून तो २२ वर लावून आला होता. स्प्लिट एसींना १ जानेवारी २०२० पासून मूळ सेटिंग २४ चं बंधन आहे, हा सुटा थर्मोस्टॅट त्यात बसत नसावा असं त्याच्याकडे बघून वाटलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं असं की एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. जून २०२५ मध्ये तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीची मर्यादा २० ते २८ ठेवणार असल्याचं सांगितलं होतं. आम्ही २६ आणि पंखा यावर स्थिरावलो, भांडणं धरून पंधरा दिवस लागले. १८ लावलं तर लवकर थंड होतं, ही समजूत घरोघरी आहे. थर्मोस्टॅट नळ नाही, जास्त फिरवला म्हणून जोरात येत नाही. आमच्यासारख्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर त्याच वेगानं चालतो, फक्त थांबायचं विसरतो.

प्रोग्रॅममधली सगळ्यात कामाची ओळ मात्र रात्री साडेदहाची : बंद. आपल्याकडे दुपारी ४० असलं तरी हवा कोरडी, रात्री उतरते. दहानंतर पांडवलेणीच्या बाजूनं वारा सुटतो. आधी एसी पहाटेपर्यंत चालायचा, कारण उठून बंद कोण करणार? आता तो आपोआप थांबतो आणि ही खिडक्या उघडते. एप्रिलचं बिल मागच्या वर्षी ६१२ युनिटचं होतं, यंदा ४८८. पाचशेच्या वरचा जास्त दराचा स्लॅब टळला, हे जास्त महत्त्वाचं. मे महिन्याचा आकडा सांगत नाही. यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं, त्याचं श्रेय थर्मोस्टॅटला देणं लबाडी होईल.

फेब्रुवारीत मात्र बिल उगाच चढलं होतं. बारावीच्या लेकीनं अभ्यासाला बसताना बाण दाबून २४ केलं, इथवर ठीक, तो बदल पुढच्या टप्प्याला आपोआप पुसला जातो. पण बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि 'होल्ड' लागला. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी हाताची खूण, एवढंच. तीन आठवडे कुठलाच प्रोग्रॅम चालला नाही. आता बटणांना लॉक आहे. लॉक उघडायची युक्ती लेकीला माझ्या आधी कळली होती.

लाइट जाण्याचं सांगायलाच हवं. वळवाच्या वाऱ्यात दिवसाला चार वेळा गेली. प्रोग्रॅम टिकतो, घड्याळ आतल्या बटण सेलवर चालतं. लाइट आल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटं सुरू होत नाही. तो बिघाड नाही, गॅसचा दाब समतोल व्हायला दिलेला वेळ आहे. आई त्या तीन मिनिटांत दर वेळी म्हणते, "गेलं बघ तुझं यंत्र." आणखी एक : चालू होण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानातला फरक कारखान्यातून अर्ध्या अंशावर होता, त्यामुळे कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद. एक अंश केला, आवाज कमी झाला, झोप लागली.

साडेतीन तारे देईन. दीड कापले ते 'पाच अधिक दोन' साठी आणि उन्हात न दिसणाऱ्या पडद्यासाठी. स्प्लिट एसीवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, त्यांचा रिमोट हाच थर्मोस्टॅट. डक्टेबलवाल्यांनी आधी व्होल्टेज, मग 'ओ' की 'बी', मग बॉक्सचं माप बघावं.

सध्या दर रविवारी जेवण झालं की मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि पुढच्या आठवड्याची शिफ्ट भरतो. सेकंड शिफ्टला सोळा वेळा बटण दाबावं लागतं, नाइटला एकवीस. मेव्हण्याचा फोन असतो त्याच वेळी. तो विचारतो, माझा बसवला का. ही माझ्याकडे बघते आणि म्हणते, "हो, शोकेसमध्ये."